लव्हाळ्याची गाठ



लव्हाळा खुरपून खुरपून तुमच्यापैकी किती जणींची कंबर धरली असेल, ते मी सांगायला नको. खुरपं लावलं की पात कापली जाते, वावर स्वच्छ दिसतं, आणि घरी येऊन आपण म्हणतो, झालं बाई एकदाचं. मग एक पाऊस पडतो आणि आठ-पंधरा दिवसांत तीच पात पुन्हा डोकं वर काढते. कारण गाठ खाली मातीत राहिलेली असते. पात कापणं वेगळं आणि गाठ काढणं वेगळं.

आज मी तुम्हांला अशाच एका गाठीची गोष्ट सांगणार आहे. ही गाठ शेतातली नाही, माझ्या माहेरच्या रक्तातली आहे. तिच्यापायी माझा भाऊ गेला, मी स्वतः मरता मरता वाचले आणि माझ्या लेकीच्या संसाराला नख लागता लागता राहिलं. घरातली गोष्ट वर्तमानपत्रात कशाला, असं आमचे मालक म्हणत होते. पण झाकून ठेवल्यानंच आमचं नुकसान झालं, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचा अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकवली नाही, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. १९९५ च्या दिवाळीनंतर त्याचं जेवण तुटलं. पाय सुजले, हातापायाच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं फुगत चाललं. डोळ्यांत पिवळेपणा दिसला म्हणून शेजारच्या गावी कावीळ उतरवून घेतली. गळ्यात माळ घातली, हातावरून चुन्याचं पाणी सोडलं, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली म्हणाले. पोट काही उतरलं नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. पोटात पाणी झालं म्हणजे दारू, एवढंच लोकांना ठाऊक. "माळ दाखवायला आहे, चोरून पीत असणार," असं चावडीवर बोलणं झालं आणि ते वहिनीच्या कानावर आलं. बायांनो, नवऱ्याच्या आजारापेक्षा त्या बोलण्यानं ती जास्त खचली.

शेवटी जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथं रक्ताचा रिपोर्ट आला, 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह'. माझे वडील भाबडे. ते डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, पोरगं पंढरपूरच्या पलीकडं कधी गेलं नाही. ही ऑस्ट्रेलिया त्याच्या रक्तात आली कुठून?" डॉक्टर घाईत होते. यकृत निकामी झालंय, या टप्प्याला औषध नाही, घरी न्या, एवढंच सांगितलं. बाकीच्या घराचं रक्त तपासून घ्या, असं आम्हांला कुणी म्हणालं नाही आणि विचारावं हे आम्हांला सुचलं नाही. १९९६ च्या ज्येष्ठात, वारी निघायच्या आधी, अण्णा गेला. अडतीस वर्षांचा होता.

वडिलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला वीस वर्षांनी मिळालं.

२०१६ साली माझी थोरली लेक पहिलटकरीण होती. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं आणि कागदावर आलं, हिपॅटायटीस बी. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला तपासलं, तो निर्दोष. मग त्यांनी विचारलं, "आईला बोलावता का?" मी गेले. माझंही रक्त तसंच निघालं. माहेरी अण्णाचं काय झालं ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्या आईपासून आलेलं दिसतंय. आईकडून अण्णांना आणि तुम्हांला, तुमच्याकडून लेकीला."

माझी आई तर केव्हाच वारली होती. तिच्या आयुष्यात ना कावीळ, ना पोटात पाणी. आणि मी? मी ऊस तोडला, म्हशी सांभाळल्या, दोन बाळंतपणं काढली, एक दिवस अंथरूण धरलं नाही. माझ्या दुधाबरोबर मी लेकीला विष दिलं की काय, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "दुधातून नाही हो. बाळंत होताना आईच्या रक्ताचा संबंध येतो, त्यातून जातं. आणि तुमची लेक जन्मली तेव्हा आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नव्हतीच. दोष कुणाचा काढता?"

मग त्यांनी जे समजावलं ते तुम्हीही समजून घ्या. आपल्याकडची नेहमीची कावीळ बहुतेक वेळा घाण पाण्यातून येते. ती 'ए' आणि 'ई' या प्रकारांची. ती बहुतेकांची आपसूक बरी होते, आणि त्याचं श्रेय माळ घालणाऱ्याला जातं. 'बी' पाण्यातून येत नाही. ती रक्तातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून, नवरा-बायकोच्या संबंधातून आणि आईकडून बाळाला येते. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पंच्याण्णव जणांचं शरीर तिला हुसकून लावतं. पण जन्मताना लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या अंगात ती घर करून राहते. वीस-तीस-चाळीस वर्षं काही दिसत नाही. आतून यकृत मात्र निबर होत जातं, कुणाला पुढं कॅन्सर होतो. आमच्या वहिनीला आणि तिच्या दोन्ही मुलांनाही तपासून घेतलं. मुलं निकोप निघाली. वहिनीला कधीतरी लागण होऊन तिच्या शरीरानं ती परतवल्याची खूण रक्तात होती.

आणि ऑस्ट्रेलिया? बरूक ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या काळात देशोदेशींच्या माणसांचं रक्त तपासत होते. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी पदार्थ सापडला, म्हणून त्याचं नाव ऑस्ट्रेलिया अँटिजेन. पुढं कळलं, की ते या 'बी' विषाणूचं वरचं टरफल आहे. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचा वाढदिवस २८ जुलै, तो दिवस आता जगभर हिपॅटायटीस दिन म्हणून पाळतात. अण्णाच्या रक्तात सापडलं ते हे टरफल. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.

लेकीच्या सासरी मात्र निराळंच सुरू झालं. विहीणबाईंनी तिचं ताट-तांब्या वेगळा काढला. एका ताटात जेवल्यानं, पाण्यानं, शिंकेनं, पाठीवरून हात फिरवल्यानं हा आजार जात नाही. पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी भांडायला निघाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भांडू नका, त्यांना घेऊन या." त्या आल्या. बाईंनी त्यांना पाऊण तास समजावलं आणि घरातल्या सगळ्यांना लस टोचून दिली. घरी गेल्यावर विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं ते ताट मांडणीवर परत लावलं. ही गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही.

लेकीच्या रक्तात विषाणू फार होते. बाळाला नुसती लस पुरेल की नाही, अशी शंका होती. त्याच वर्षी चीनमधल्या दोनशे गरोदर बायांवरची एक चाचणी छापून आली होती. अशा बायांना शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर नावाची गोळी दिली आणि बाळांना नेहमीप्रमाणे लस टोचली. ज्यांनी गोळी शेवटपर्यंत नीट घेतली त्यांच्या एकाही बाळाला लागण झाली नाही. गोळी न घेतलेल्यांत शंभरी सात बाळांना झाली. लेकीला ती गोळी सुरू केली. बाळ जन्मल्यावर काही तासांतच त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारद्रव्यांचं इंजेक्शन दिलं. मी बाहेर बाकावर बसून माळ ओढत होते. बाळाच्या रक्ताचा खरा निकाल मात्र वर्षाच्या सुमारास कळणार होता.

माझंही यकृत सुजलेलं निघालं, म्हणून मलाही तीच गोळी लागली. रोज एक. "किती दिवस?" मी विचारलं. "बहुधा कायमची," त्या म्हणाल्या. मला पटेना. ताप आला तर पाच दिवस गोळ्या घेतो, क्षयाला सहा महिने. कायमची गोळी म्हणजे हे कसलं औषध?

त्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि तिच्या अगदी गाभ्यात आपल्या बियाण्याचं एक बारीक कडं करून ठेवतो. त्या कड्यावरून हजारो नव्या विषाणूंच्या नकला निघत राहतात. गोळी नकला काढणाऱ्याचा हात धरते. नकला थांबतात, यकृताला विसावा मिळतो, ते सुधारूही लागतं. पण ते कडं गोळीला काढता येत नाही. गोळी सोडली की हात मोकळा.

"म्हणजे लव्हाळाच की!" मी म्हणाले.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या.

पण बघा, समजणं वेगळं आणि अंगात भिनणं वेगळं. दीड वर्ष गोळी घेतली. भूक लागायला लागली, तोंडावर तेज आलं. रक्तात विषाणू दिसेनासे झाले. २०१८ च्या संक्रांतीला आमच्या पाहुण्यांतल्या एकानं सांगितलं, "कशाला इंग्रजी औषधानं आतडी जाळून घेता? बांधावर भुईआवळी उगवते, तिचा रस घ्या. रोग मुळासकट जातो." मलाही तेच ऐकायचं होतं. मी गोळी बंद केली आणि रोज सकाळी पेलाभर रस प्यायला लागले. मालकांना सांगितलं नाही, लेकीलाही नाही. दोन महिने काही झालं नाही. मला वाटलं, बघा, जिंकले.

अक्षय तृतीयेला पुरणपोळीचा वास सहन होईना. चार दिवसांनी लघवी लाल, डोळे हळदीसारखे. शुद्ध हरपल्यासारखं बडबडायला लागले, तेव्हा घरच्यांनी गाडीत घातलं. एकोणीस दिवस इस्पितळात होते. गोळी पुन्हा सुरू झाली आणि माझं दैव बलवत्तर म्हणून यकृत सावरलं. लेक उशाशी बसून रडत होती. "आई, अण्णामामाला ही गोळी मिळाली नाही. तुला मिळाली ती तू फेकलीस?" त्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता भुईआवळीबद्दल सांगते, कारण तुम्हांलाही कुणीतरी सांगेलच. ती काही थोतांड म्हणून सुरू झाली नाही. मद्रासमध्ये डॉ. त्यागराजन यांनी, ज्यांनी हा विषाणू शोधला त्या ब्लुमबर्गसाहेबांच्या साथीनं, तिची चाचणी घेतली आणि १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. तीस दिवस पूड दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून ते टरफल गेलं. खोटी पूड दिलेल्या २३ जणांत फक्त एकाचं गेलं. सगळ्या जगाचे डोळे बांधावरच्या या तणाकडं लागले. पण औषधाच्या कामात एक नेम असतो. एकाच्या वावरात वाण उतरला म्हणून तो सगळीकडं उतरेलच असं नाही, तो दुसऱ्याच्या वावरात लावून बघावा लागतो. थायलंडमध्ये बघितलं, इतर ठिकाणीही बघितलं. तो गुण कुठंच दिसला नाही. झाड चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. त्याच्या भरवशावर गोळी सोडायची नाही, एवढंच.

इस्पितळात पडल्यापडल्या मला एकच ध्यास लागला. ही गोळी आली कुठून, आणि गाठ काढणारं औषध येणार कधी? लेक विज्ञान शिकलेली. ती शोधून वाचून दाखवायची, मी ऐकायची.

या विषाणूची मोठी अडचण अशी, की तो उंदीर-सशांत वाढत नाही. मग औषध तपासायचं कशावर? १९८० साली अमेरिकेत पेकिन जातीच्या बदकांत या विषाणूचा एक भाऊबंद सापडला. त्या बदकांच्या यकृतावर काम करून समर्स आणि मेसन या दोघांनी १९८२ साली दाखवलं, की हा विषाणू आपली नक्कल उलट्या रस्त्यानं काढतो. पुढं एड्सच्या विषाणूचीही तीच रीत निघाली. त्यामुळं एड्ससाठी तयार झालेलं लॅमिव्हुडीन हे औषध यालाही लागू पडलं. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी नुसती इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती. ती महाग, अंगावर ताप आणणारी, आणि पोटात पाणी झालेल्या माणसाला चालणारी नव्हेत. १९९८ हा आकडा ऐकल्यावर मी लेकीला थांबवलं. अण्णा गेल्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

लॅमिव्हुडीन आलं आणि लोकांना हायसं वाटलं. पण कापूस पिकवणाऱ्या भावांना ठाऊक आहे, एकच औषध सारखं फवारलं की बोंडअळी त्याला दाद देईनाशी होते. तसंच झालं. पाच वर्षांत शंभरातल्या सत्तरएक रोग्यांत विषाणूनं रूप बदललं आणि औषध निकामी झालं. मग २००५ साली एन्टेकाविर आलं. २००८ साली टेनोफोविर या आजारासाठी मान्य झालं. हे टेनोफोविर प्रागमधल्या आंतोनिन होली या रसायनशास्त्रज्ञांनी घडवलं आणि बेल्जियमच्या एरिक दे क्लेर्क यांनी ते विषाणूंवर तपासलं. ती जोडी १९७६ पासून एकत्र काम करत होती. म्हणजे माझ्या रोजच्या एका गोळीमागं तीस वर्षांची मेहनत आहे. या दोन औषधांना विषाणू सहसा दाद न देण्याइतका बदलत नाही.

पण माझं मन तरी म्हणे, एवढं सगळं कळतं तर गाठ काढायला एवढा उशीर का? माणसं मरताहेत, औषध लवकर आणत का नाहीत? तेव्हा लेकीनं मला १९९३ सालची हकिगत वाचून दाखवली. ती ऐकल्यापासून मी 'लवकर' हा शब्द सोडला.

अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत फियालुरिडीन नावाच्या औषधाची चाचणी चालली होती. विषाणू झपाट्यानं उतरत होता, सगळ्यांना वाटलं, सापडलं. जनावरांवरच्या आधीच्या तपासण्यांत धोका दिसला नव्हता. पंधरा रोग्यांना औषध सुरू केलं. काही आठवड्यांनी एकाची तब्येत अचानक ढासळली. औषध लगेच सगळ्यांचं थांबवलं, पण उशीर झाला होता. सात जणांचं यकृत बंद पडलं. त्यातले पाच गेले, दोघे यकृत बदलून वाचले. ते औषध विषाणूबरोबर माणसाच्या पेशीतली शक्ती तयार करणारी चूलच विझवत होतं, आणि हे सावकाश घडत होतं. पुढं वुडचक नावाच्या घुशीसारख्या अमेरिकन प्राण्याला तेच औषध जास्त आठवडे देऊन पाहिलं, तेव्हा त्यालाही तसंच झालं. म्हणजे थोडं थांबून पाहिलं असतं तर कळलं असतं.

ते पंधरा जण आपल्यासारखेच आजारी होते. बरं व्हायला आले होते. त्यांच्यानंतर जी औषधं आली ती याच गोष्टीसाठी कसून तपासली गेली. माझी गोळी मला गेली सात-आठ वर्षं बाधली नाही, त्यात त्यांचाही वाटा आहे असं मी मानते. अनोळखी माणसं आहेत, पण पितृपंधरवड्यात अण्णाला घास ठेवते तेव्हा त्यांचीही आठवण काढते.

आता गाठीकडं वळते. शास्त्रज्ञ तिच्यामागं लागलेले आहेत. २०१२ साली बीजिंगमधल्या वेनहुई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू यकृताच्या पेशीत कोणत्या दारानं शिरतो ते दार शोधून काढलं. त्यामुळं ते दार लावून घेणारी औषधं करता येऊ लागली. दुसरी वाट टरफलाची. हा विषाणू एका भरल्या दाण्यामागं हजारो पोचट दाणे रक्तात सोडतो. खळ्यावर वाऱ्यानं भूस डोळ्यांत गेलं की पुढचं दिसत नाही, तसं या पोचट दाण्यांनी शरीराचे राखणदार आंधळे होतात. ते दाणे तयारच होऊ नयेत म्हणून बेपिरोव्हिर्सेन नावाचं इंजेक्शन तयार झालं. २०२२ साली त्याच्या चाचणीचा निकाल आला. साडेचारशेवर रोग्यांची ही चाचणी. ज्यांना चोवीस आठवडे पूर्ण मात्रेत ते दिलं त्यांच्यापैकी शंभरी नऊ-दहा जणांच्या रक्तात, इंजेक्शन थांबवल्यावरही पुढचे सहा महिने ना टरफल सापडलं ना विषाणू. त्यानंतर मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

शंभरात नऊ-दहा. ऐकून मी म्हटलं, एवढेच? लेक म्हणाली, "आई, तुझ्या गोळीनं शंभरात एखाद्याचंही वर्षभरात टरफल जात नाही." तेव्हा कळलं, की हे थोडं नाही. पण सगळ्यांची गाठ काढणारं औषध अजून आलेलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून कुणी दारात येऊन 'मुळासकट काढतो' म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

तोवर आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२२ साली आपल्या देशात जवळजवळ तीन कोटी माणसांच्या अंगात हा विषाणू होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून घरात कुणाला हा आजार निघाला असेल, कुणाचं पोटात पाणी होऊन किंवा यकृताच्या कॅन्सरनं मरण झालं असेल, तर सगळ्या घराचं रक्त एकदा तपासून घ्या. गरोदर सुनेचं तर घ्याच. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत पहिली लस टोचून घ्या. पुढच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीत हिचा भाग असतोच, तोही चुकवू नका. २०११ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात आहे, पैसा लागत नाही. २०१८ साली सरकारनं या आजारासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. मी २०१९ पासून तिथूनच आणते. रक्तात विषाणू निघाला म्हणजे प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतात. मात्र एकदा सुरू झाली की आपल्या मनानं बंद करायची नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आणि दारूला शिवायचं नाही.

आणि लाज धरू नका. अमिताभ बच्चन यांना १९८२ साली 'कुली'च्या वेळी अपघात झाला. तेव्हा त्यांना दिलेल्या रक्तातून हाच आजार आला आणि यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झाला, हे ते स्वतः लोकांना सांगत आले आहेत. एवढा मोठा माणूस सांगतो, मग आपण का झाकावं? आमचा अण्णा माळकरी होता. तो पीत नव्हता. चावडीवर बोलणाऱ्यांपैकी कुणी हा लेख वाचत असेल, तर त्यांनी वहिनीला एवढं एकदा सांगावं. ती अजून आहे.

नातवाचा निकाल सांगायचा राहिला. वर्षाचा झाल्यावर त्याचं रक्त तपासलं. विषाणू नाही, आणि लसीची ताकद भरपूर. आईपासून माझ्यापर्यंत, माझ्यापासून लेकीपर्यंत आलेली गाठ त्याच्यापाशी थांबली. आता तो नऊ वर्षांचा आहे. सुट्टीत येतो आणि माझ्याबरोबर वावरात येतो. परवा खुरपताना म्हणाला, "आजी, तू गवत कापतेस, मी खणून गाठ काढतो." आणि खरंच, कुदळीनं उकरून त्यानं तीन-चार काळ्या गाठी माझ्या हातावर ठेवल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानंच पाण्याचा तांब्या आणला आणि गोळी पुढं केली. मी घेतली.